सायकलस्वारांचे दान आणि औषधाची मालकी

दानधर्माविषयी समाजवादी कार्यकर्त्याच्या मनात एक जुनी अढी असते आणि ती निष्कारण नाही. ज्या गोष्टी समाजाने हक्क म्हणून द्यावयाच्या त्या श्रीमंतांनी उपकार म्हणून द्याव्यात, त्यांच्या नावांच्या पाट्या इस्पितळांच्या भिंतींवर लागाव्यात आणि घेणाऱ्याने मान खाली घालून त्या वाचीत बसावे, ही व्यवस्था त्याला मनापासून नकोशी वाटते. म्हणून कर्करोगावरील संशोधनासाठी अमेरिकेत हजारो लोक सायकली दामटतात आणि त्यातून कोट्यवधी डॉलर उभे राहतात असे कानावर आले, की त्याची पहिली प्रतिक्रिया बहुधा उपहासाची असते. सुखवस्तू मंडळींचा उन्हाळी छंद आणि त्याला परोपकाराची झालर, असे म्हणून तो विषय बाजूला सारतो. हा उपहास जरा आवरता घेतला पाहिजे. अशा उपक्रमात प्रत्यक्ष काय घडते ते नीट पाहिले तर सायकलवरच्या माणसाला हसण्याचे कारण उरत नाही. जे खरोखर आक्षेपार्ह आहे ते सायकली घरी परतल्यानंतर, पुष्कळ वर्षांनी आणि भलत्याच ठिकाणी घडते.

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘पॅन-मास चॅलेंज’ हा या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध उपक्रम आहे. बिली स्टार या तरुणाची आई १९७४ मध्ये मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाने गेली, तेव्हा तिचे वय अवघे ४९ होते. पुढे १९८० मध्ये त्याने आपले मित्र आणि मित्रांचे मित्र असे ३६ जण जमविले. स्प्रिंगफील्डपासून समुद्रात हुकासारख्या वळलेल्या केप कॉडच्या टोकावरील प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास या मंडळींनी सायकलींवर केला आणि १०,२०० डॉलर जमवून ते बोस्टनच्या कर्करोग-संशोधन संस्थेला दिले. आज ती संस्था डेना-फार्बर या नावाने ओळखली जाते. ३६ जणांचे आता साडेसहा हजारांच्या वर सायकलस्वार झाले आहेत. ऑगस्टच्या आरंभीच्या शनिवार-रविवारी ते निघतात; पाणी देणारे, पंक्चर काढणारे, जेवण वाढणारे, वाहतूक सांभाळणारे असे हजारो स्वयंसेवक वेगळेच. २०२४ मध्ये त्यांनी साडेसात कोटी डॉलर दिले आणि १९८० पासूनची बेरीज १०४ कोटी डॉलरांच्या पुढे गेली. आयोजनाचा खर्च नोंदणी-शुल्कातून आणि प्रायोजकांकडून भागविला जातो. सायकलस्वाराने मागून आणलेला डॉलर संपूर्णच्या संपूर्ण संशोधन-संस्थेकडे जातो. आपल्याकडील किती धर्मादाय निधींना असा हिशोब छातीठोकपणे मांडता येईल, हा प्रश्न येथे विचारला नाही तरी चालेल.

या ताफ्यात सगळेच धडधाकट व्यायामपटू असतात असे नाही. स्वतः कर्करोगातून उठलेले, काही तर अद्याप उपचार घेत असलेले शेकडो लोक त्यात असतात. ‘जिवंत पुरावा’ या अर्थाच्या नावाने त्यांना ओळखले जाते. उपचार घेणारी लहान मुले सायकलस्वारांच्या एकेका गटाशी जोडून दिलेली असतात आणि वाटेतल्या एका विसाव्याच्या ठिकाणी त्या मुलांची छायाचित्रे मांडून ठेवतात. पहिल्या दिवशी शंभरावर मैल कापून बोर्न गावी मुक्काम होतो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता कालव्यावरचा पूल ओलांडून मंडळी केप कॉडच्या वाटेला लागतात. अनेकांच्या अंगरख्यावर गेलेल्या माणसाचे नाव असते. ज्याच्या घरातून असे एखादे माणूस गेले आहे त्याला त्या दोन दिवसांत काही एक करावयास मिळते, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. कर्करोग माणसाला इतर कशाहीपेक्षा अधिक जर कशाने छळीत असेल तर तो निरुपायाने. इस्पितळाच्या बाकावर बसून वाट पाहणे एवढेच नातेवाइकांच्या हाती असते. तो निरुपाय झटकून टाकण्यासाठी कोणी तीनशे किलोमीटर पाय मारीत असेल, तर त्याला भाबडा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु या सहभागाला एक दार आहे आणि त्या दाराला उंबरा आहे. नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाने मार्गाच्या लांबीनुसार ठरलेली किमान रक्कम जमविण्याचे वचन द्यावे लागते. दोन दिवसांच्या मोठ्या मार्गासाठी ती कित्येक हजार डॉलर असते. ती जमली नाही तर उरलेली रक्कम त्याच्या क्रेडिट कार्डावरून वळती करून घेतली जाते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा नियम चोख आहे. त्यावाचून एवढा निधी उभा राहिला नसता हेही खरे. पण त्याचा अर्थ असा, की ज्याचे शेजारी, सहकारी, आप्त शंभर-शंभर डॉलर सहज देऊ शकतात त्यालाच सायकल चालविता येते. गोदामात हमाली करणारा किंवा इस्पितळातच फरशा पुसणारा माणूस पाय मारण्यात कोणालाही हार जाणार नाही. त्याच्या ओळखीची माणसे मात्र गरीब असतात. पाणी वाटणारा स्वयंसेवक म्हणून तो येऊ शकतो आणि येतोही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड सुरू केला तेव्हा मूठ केवढी असावी याचे माप ठरविलेले नव्हते. दळायला बसलेल्या बाईने जात्यात जाणाऱ्या धान्यातून एक मूठ बाजूला काढली की ती त्या शाळेची धनीण झाली. या दोन पद्धतींतील फरक पैशापुरता नाही. मुष्टिफंडाची मूठ देणाऱ्या बाईचाच मुलगा त्या वसतिगृहात जेवत होता. सायकलस्वाराने दिलेल्या डॉलरचे फळ कोणाच्या ताटात पडते हे पाहावयाचे तर संस्थेच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते.

बोस्टनच्या या संस्थेचा जन्मच लोकांच्या खिशातील नाण्यांतून झालेला आहे. सिडनी फार्बर हे तेथील बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ. रक्ताच्या कर्करोगाने मरणाऱ्या मुलांना फॉलिक आम्ल दिले की रोग अधिक भडकतो असे त्यांच्या ध्यानी आले, तेव्हा त्या आम्लाचा मार्ग अडविणारे द्रव्य दिल्यास रोग मागे हटेल असा तर्क त्यांनी केला. असे द्रव्य त्यांना पुरविले ते लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी. आंध्रातील भीमावरमचा हा मुलगा. भावांना अकाली मृत्यूने नेलेले पाहून औषधशास्त्राकडे वळला आणि काकीनाड्याच्या एका धर्मादाय निधीच्या व सासऱ्यांच्या आधारावर १९२० नंतरच्या वर्षांत बोस्टनला पोहोचला. हार्वर्डमध्ये त्याला कायमची जागा काही मिळाली नाही. सुब्बारावांच्या चमूने बनविलेले अमिनोप्टेरिन फार्बर यांनी १६ अत्यवस्थ मुलांना दिले आणि त्यांपैकी १० मुलांचा रोग काही काळ हटला. जून १९४८ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. रक्ताच्या कर्करोगावर औषध चालते हे जगाला प्रथम कळले ते असे, आणि त्याच्या मुळाशी दोन खंडांतील दानधर्म होता.

निधी-संकलनाची कथाही त्याच वर्षाची आहे. २२ मे १९४८ रोजी रेडिओवरील एका लोकप्रिय कार्यक्रमात बारा वर्षांच्या एका कर्करुग्ण मुलाशी त्याच्या खाटेजवळून संवाद साधण्यात आला. खरे नाव झाकून त्याला ‘जिमी’ म्हटले गेले. त्याच्या आवडत्या बेसबॉल संघाचे खेळाडू खोलीत आले, सगळ्यांनी मिळून गाणे म्हटले आणि जिमीला दूरचित्रवाणी-संच घेता यावा म्हणून श्रोत्यांनी वीस हजार डॉलर पाठवावेत असे आवाहन झाले. आले दोन लक्ष एकतीस हजारांहून अधिक. तो ‘जिमी फंड’ आजही चालू आहे आणि सायकलस्वारांची रक्कम त्याच्याच द्वारे संस्थेकडे जाते. जिमी मेला असावा असे सारे जण समजत होते. पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, मेन राज्यातील एक ट्रकचालक हाच तो जिमी असल्याचे उघड झाले. त्याचे खरे नाव आयनार गुस्टाफसन.

एवढे यश मिळविलेल्या फार्बर यांना मात्र दानपेटीवर समाधान मानता आले नाही, ही गोष्ट या कथेतील सर्वांत बोधप्रद आहे आणि निधी-संकलनाच्या पत्रकांत ती क्वचितच सांगितली जाते. दानपेटी भरण्यात त्यांच्याइतका निष्णात डॉक्टर त्या काळी दुसरा नव्हता. तरीही पुढची वीस वर्षे ते मेरी लास्कर यांच्यासमवेत वॉशिंग्टनच्या वाऱ्या करीत राहिले, काँग्रेसच्या समित्यांपुढे साक्षी देत राहिले आणि कर्करोगाचे संशोधन हा राष्ट्राच्या तिजोरीचा भार असला पाहिजे असे सांगत राहिले. त्या खटपटीतून डिसेंबर १९७१ चा राष्ट्रीय कर्करोग कायदा झाला. फार्बर १९७३ मध्ये गेले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा अर्थसंकल्प सुमारे ७२२ कोटी डॉलरचा होता, म्हणजे सायकलस्वारांच्या त्याच वर्षीच्या विक्रमी देणगीच्या जवळजवळ शंभरपट. २०२५ मध्ये ट्रंप सरकारने हा आकडा सुमारे ४५३ कोटींवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. सिनेटच्या विनियोजन समितीने त्या वर्षीच्या जुलैमध्ये तो मानला नाही, हे सुदैव. पण प्रस्तावित कपात एवढी होती, की ती भरून काढावयाची तर सायकलस्वारांना वर्षाला साडेसात कोटी या दराने पस्तीस वर्षे पाय मारावे लागले असते. सरकारने हात आखडता घ्यावा आणि नागरिकांनी सायकली काढाव्यात, अशी वाटणी कोणी सुचवीत असेल तर हे गणित त्याच्यापुढे ठेवावे.

सरकारी पैसा पुरेसा असला तरी प्रश्न मिटत नाही. ज्या १९८० साली ३६ सायकलस्वार स्प्रिंगफील्डहून निघाले, त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत बे-डोल नावाचा कायदा झाला. सरकारी अनुदानातून लागलेल्या शोधांचे पेटंट विद्यापीठांनी व संशोधन-संस्थांनी स्वतःच्या नावे घ्यावे आणि त्याचा परवाना कंपन्यांना द्यावा, अशी मोकळीक या कायद्याने दिली. शोध कपाटात पडून राहू नयेत हा हेतू सांगितला गेला आणि तो अगदीच खोटा नव्हता; पुष्कळ शोध त्यामुळे बाजारात आले. लोकांना वाजवी अटींवर वस्तू मिळत नसेल तर सरकारने मध्ये पडून दुसऱ्या उत्पादकास परवाना द्यावा, अशीही तरतूद त्यात आहे. ती आजवर एकदाही वापरली गेलेली नाही. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील एन्झाल्युटामाइड हे औषध लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक विद्यापीठात सरकारी पैशाने निघाले. त्याची अमेरिकेतील किंमत इतर श्रीमंत देशांच्या कित्येक पट आहे म्हणून रुग्णांनी अर्ज केला, तो २०२३ मध्ये फेटाळण्यात आला. धर्मादाय देणग्यांना तर एवढीही तरतूद लागू नाही. देणगी देणाऱ्याला करसवलत मिळते, म्हणजे त्या दानातही सार्वजनिक तिजोरीचा वाटा असतो. पण फळावर हक्क सांगणारा कागद ना दात्याकडे असतो, ना तिजोरीकडे.

याचा प्रत्यय बिली स्टारची आई ज्या रोगाने गेली त्या मेलॅनोमाच्याच बाबतीत येतो. शरीरातील रक्षक पेशींवर ‘पीडी-१’ नावाची एक कळ असते. ती दाबली गेली की त्या पेशी स्वस्थ बसतात. ही कळ जपानमध्ये तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडली. ती दाबणारा रेणू कर्कपेशींच्या अंगावर असतो आणि म्हणून त्या सुटतात, हे उलगडण्यात डेना-फार्बरचे गॉर्डन फ्रीमन यांचा मोठा वाटा होता. २००० साली हे काम प्रसिद्ध झाले. ती कळ झाकून रक्षक पेशींना पुन्हा जागे करणारी औषधे पुढे निघाली. त्यांतील पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, आणि ते सर्वप्रथम मेलॅनोमासाठीच. आईच्या मृत्यूला तेव्हा चाळीस वर्षे झाली होती. विज्ञानाच्या दृष्टीने हा विजय आहे आणि तो निःसंकोच साजरा करावा.

आता हिशोब पाहावा. अमेरिकेत या औषधाचा वर्षाचा खर्च दीड लाख डॉलरहून अधिक आहे. २०२४ मध्ये त्याची जगभरातील विक्री सुमारे २,९५० कोटी डॉलर झाली, म्हणजे दिवसाला आठ कोटी. साडेसहा हजार माणसांनी वर्षभर सराव करून, दारोदार मागून, दोन दिवस घाम गाळून उभा केलेला साडेसात कोटींचा विक्रम या एका औषधाच्या एका दिवसाच्या विक्रीएवढाही भरत नाही. १९८० पासूनची सारी जमा मांडली तरी ती दोन आठवड्यांत संपते. मूळ पेटंटवर कोणाकोणाची नावे असावीत यावरून पुढे खटला झाला. फ्रीमन व त्यांच्या एका सहकाऱ्याचे नाव त्यात असले पाहिजे असा निवाडा २०१९ मध्ये डेना-फार्बरच्या बाजूने झाला आणि २०२० मध्ये अपिलात तो कायम राहिला. संशोधकाला त्याचे श्रेय मिळाले हे योग्यच. मात्र न्यायालयात दोन्ही बाजूंनी जे वकील उभे होते त्यांपैकी एकही देणगीदारांच्या वा रुग्णांच्या वतीने नव्हता, कारण मालकीच्या प्रश्नात कायदा त्यांना पक्षकार मानीतच नाही.

कंपन्यांचा युक्तिवाद असा असतो, की प्रयोगशाळेतील कल्पनेपासून बाटलीतल्या औषधापर्यंतचा प्रवास खर्चाचा आहे आणि वाटेत बहुतेक कल्पना मरतात. यात तथ्य आहे. ते नाकारून समाजवाद्याने स्वतःची बाजू दुबळी करून घेऊ नये. हजारो रुग्णांवर चाचण्या घ्याव्या लागतात आणि त्यांचा खर्च सायकलस्वारांच्या झेपेपलीकडचा आहे. पण खर्च उचलणाऱ्याच्या हाती प्रश्न ठरविण्याचीही सत्ता जाते, हा त्या युक्तिवादाचा न बोललेला भाग आहे. औषध किती विकले जाईल, याची चौकशी कंपनी करते. किती कमी औषधात भागेल, ही चौकशी ती कशासाठी करील?

ती चौकशी मुंबईत परळला झाली. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये टाटा न्यासाच्या दानातून उभे राहिले, १९५७ मध्ये केंद्र सरकारकडे आले आणि १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत चालते. फार्बर यांनी जो मार्ग दाखविला, दानातून आरंभ आणि पुढे सार्वजनिक जबाबदारी, तोच येथे निराळ्या रीतीने घडला. तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाने गांजलेली, तंबाखूने पोखरलेली कष्टकरी माणसे या रुग्णालयाच्या आवारात, पदपथावर मुक्काम ठोकून असतात हे मुंबईकर जाणतात. पीडी-१ ची कळ झाकणारे निव्होलुमॅब नावाचे दुसरे औषध त्यांच्या कामाचे आहे, पण नेहमीच्या मात्रेत ते परवडणारे रुग्ण शंभरात तीनही निघत नाहीत. तेथील डॉक्टरांनी १५१ रुग्णांची चिठ्ठी टाकून दोन गटांत विभागणी केली. एका गटाला स्वस्त गोळ्यांचा नेहमीचा उपचार, दुसऱ्याला त्याच्या जोडीस दर तीन आठवड्यांनी निव्होलुमॅब, तेही फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे रूढ मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षअखेर पहिल्या गटात शंभरापैकी सुमारे १६ रुग्ण जिवंत होते, दुसऱ्यात ४३. ज्या संशोधनाने विक्री वाढण्याऐवजी घटण्याचीच शक्यता अधिक, ते कोणत्याही कंपनीच्या पैशाने सहसा होत नाही. ते सार्वजनिक किंवा धर्मादाय पैशानेच व्हावे लागते, आणि जेथे औषधाची किंमत मरणाचे कारण ठरते तेथील डॉक्टरांनाच ते सुचते. सायकलस्वाराच्या डॉलरला शोभेल असा प्रश्न हा आहे. तो बोस्टनमध्ये विचारला गेला काय आणि परळमध्ये विचारला गेला काय, उत्तराचा उपयोग दोन्हीकडच्या रुग्णांना आहे.

मग सायकलस्वाराने काय करावे? त्याने सायकल चालवू नये असे म्हणणे हा शुद्ध उद्धटपणा होईल. जो देतो त्याला अट घालता येते. आजवर त्याने ती घातलेली नाही, एवढेच. अशी अट परिणामकारक ठरते याचा दाखला त्याच्या शेजारच्याच राज्यात आहे. एड्सवरील स्टॅव्हुडिन या औषधाचे पेटंट येल विद्यापीठाकडे होते आणि परवाना एका बड्या कंपनीकडे. दक्षिण आफ्रिकेतील रुग्णांना ते परवडत नव्हते. २००१ मध्ये सीमारहित डॉक्टरांच्या संघटनेने विद्यापीठाकडे मागणी केली, येलच्या विद्यार्थ्यांनी ती उचलून धरली, ज्यांच्या संशोधनातून हे औषध आले ते प्राध्यापक विल्यम प्रुसॉफ स्वतः विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि काही आठवड्यांतच कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा हक्क न बजावण्याचे व किंमत उतरविण्याचे जाहीर केले. त्या विद्यार्थ्यांजवळ विद्यापीठात शिकत असल्याखेरीज दुसरे बळ नव्हते. सायकलस्वारांजवळ त्याहून पुष्कळ अधिक आहे. डेना-फार्बरला दरसाल एवढी मोठी एकरकमी देणगी देणारा दुसरा उपक्रम नाही. नोंदणीच्या अर्जावर आज एकच वचन असते, सायकलस्वाराने संस्थेला द्यावयाचे. त्याच कागदावर संस्थेने सायकलस्वाराला द्यावयाचे दुसरे वचन लिहून घेता येईल: या पैशातून जे निघेल त्याचा परवाना देताना गरीब देशांतील उत्पादकांना वगळले जाणार नाही, आणि जमेचा काही भाग मात्रा, किंमत आणि उपचाराचा काळ कमी करणाऱ्या संशोधनासाठी राखून ठेवला जाईल.